ताडपत्रीवरची सोलं

एप्रिल सरत आला की माळ्यावरची ताडपत्री मी खाली काढते. जाड, हिरवी, कडेला लोखंडी कड्या मारलेली. नळाखाली घासून धुते, अंगणात पसरते आणि चार कोपऱ्यांवर चार चिरे ठेवते. तिच्यावर आमची भिरंडं सुकतात. भिरंडं म्हणजे रातांबे, कोकमाची फळं. त्यांची सुकवलेली सालं ती सोलं. माझं माहेर सावंतवाडीचं, तिथे आम्ही रातांबे म्हणायचो. लग्न होऊन गोव्यात डिचोलीला आले आणि शब्द बदलला, बाकी आंबटपणा तोच.

ही ताडपत्री आमच्या ट्रकाची. खनिज भरलं की वाटेत धूळ उडू नये म्हणून ती वरून ओढून बांधायची. खाणीवरून मांडवीच्या काठी जेटीवर खेप टाकायची, तिथून माल बार्जमधून मुरगाव बंदराकडे जायचा. ट्रक गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. ताडपत्री तेवढी घरात राहिली.

२०१२च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा गणपतीच्या चवथीला आठ-नऊ दिवस उरले होते. त्या वर्षी चवथ १९ तारखेला होती. खाणपट्ट्यातल्या ट्रकवाल्यांचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. पावसाळाभर काम थांबलेलं असतं, दसऱ्याच्या सुमाराला सीझन उघडतो आणि मेअखेरपर्यंत ट्रक धावत राहतात. त्या आठ महिन्यांत मिळवायचं आणि पावसाचे चार महिने त्यावर काढायचे. त्यामुळे सप्टेंबर हा आमच्यासारख्या घरांतला सगळ्यात कोरडा महिना. आधीचं संपत आलेलं आणि नवं यायला पंधरा-वीस दिवस अवकाश. नेमकं त्याच वेळी कळलं की यंदा सीझन नाही. ट्रकाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या दहा तारखेला ठरलेला.

माझे यजमान त्या रात्री जेवून उठले आणि अंगणात जाऊन ट्रकाच्या पायरीवर बसले. बराच वेळ बसले. आत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "यंदा माटोळीचं काय ते कमीच करू."

सासूबाई, म्हणजे आई, भांडी लावत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "माटोळी विकत कधीपासून आणायला लागलो आपण?"

खरंच, कधीपासून? खाणीचा पैसा घरात खेळायला लागल्यापासून आम्ही बाजारातून माटोळीचं सामान आणत होतो. गणपतीच्या वर टांगायची फळं, पानं, कांगलांचे घोस, घागऱ्या, माट्टी, सगळं पैसे मोजून, गाडीवर घालून. त्या वर्षी आई माझ्या मुलाला आणि दोन पुतण्यांना घेऊन सकाळी सहाला डोंगरावर गेल्या. कोणती वेल कोणत्या कुंपणावर चढते, कोणतं झाड ओहळाच्या पलीकडे आहे, हे त्यांच्या डोक्यात वहीत लिहावं तसं होतं. साठी ओलांडलेली बाई, पण मुलं दमली आणि त्या दमल्या नाहीत. सुपारीचा घोस घरच्या पोफळीचा, केळीचा घड शेजाऱ्यांनी दिला, चिबूड माझ्या माहेरहून आलं. मागच्या पडद्याला थर्मोकोलऐवजी आईंची लग्नातली साडी लावली. हळदीची पानं परसात होतीच, पातोळ्या झाल्या. त्या वर्षीची माटोळी माझ्या मुलाला अजून तोंडपाठ आहे, फळन् फळ कुठून खुडलं ते सांगतो. बाजारातून आणलेल्या माटोळीतली अर्धी फळं त्याला ओळखूही येत नव्हती.

त्या दिवसांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती सांगावी म्हणूनच हे लिहायला बसले. हातात पैसा होता त्या सगळ्या वर्षांत आई थांबल्याच नव्हत्या. आम्ही इसवण, म्हणजे सुरमई, आणत होतो तेव्हाही त्या मे महिन्यात सोलं करत होत्या, फणसाच्या आठळ्या मातीत घोळून ठेवत होत्या, फाटक्या साड्यांच्या घड्या करून ट्रंकेत भरत होत्या. मी ती म्हातारपणाची सवय समजत होते. एकदा तर, "आई, मिळतं की हे सगळं बाजारात," असं त्यांना बोललेही होते. त्या काही म्हणाल्या नाहीत. त्या माझ्यासारख्या बोलून दाखवणाऱ्या नव्हेत.

पावसाची तजवीज करण्याला आपण बेगमी म्हणतो, गोव्यात पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीज 'प्रोविमेंतु'वरून आला. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला पुरुमेंताचं फेस्त म्हणतात ते त्यामुळेच. सुकी मासळी, मिरच्या, कांद्याच्या माळा, चिंच, सोलं असं सगळं तिथे मांडलेलं असतं. हिंदू घर असो की ख्रिस्ती, जूनच्या आधी फडताळ भरलेलं पाहिजे हा नियम एकच. समुद्र खवळतो, आणि आता तर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंदच असते. ताजं नाही तर सुकं, आणि सुकं नाही तर परसातलं.

आईंच्या आईने १९५५च्या सुमाराची नाकेबंदी बघितली होती. हिंदुस्थानातून पोर्तुगीज गोव्यात येणारा माल अडला तेव्हाच्या गोष्टी आई तिच्याकडून ऐकून होत्या. घाटावरचा कांदा-बटाटा मिळेना, मग सुरण, कणगं, केळफूल यांवर दिवस काढले. "पोट भरायचं कसं ते डोंगराला विचारायचं," असं ती म्हणायची म्हणे. आमच्या घरातलं हे ज्ञान असं आजीकडून आईंकडे आणि आता उशिराने माझ्याकडे आलं.

खर्चाची वही मी त्याच ऑक्टोबरात घातली. मुलाच्या शाळेची अर्धी कोरी वही होती. पहिल्या पानावर लिहिलं: गॅस, तेल, नारळ, मासळी, दूध, हप्ता. हप्त्यापुढे प्रश्नचिन्ह. सरकारची गृह आधार योजना त्याच सुमाराला सुरू झाली. पुढे महिन्याचे हजार रुपये माझ्या नावावर यायला लागले तेव्हा ते मी वेगळ्या पानावर लिहायचे, कारण माझ्या नावावर पहिल्यांदाच काही येत होतं.

मासळीचं सगळ्यात कठीण गेलं, चवीसाठी नव्हे, लाजेसाठी. बाजारात जिच्याकडून मी वर्षानुवर्षं इसवण घेतली, तिच्या पाटीसमोरून तारल्यांच्या, स्वस्त मासळीच्या, पाटीकडे जाताना पाय जड व्हायचे. तिसऱ्या दिवशी तिनेच हाक मारली आणि म्हणाली, "तारले आज माझ्याकडेही आहेत, इकडे ये." तिने भाव विचारूही दिला नाही. कागदात बांधून हातात दिले.

तारल्याचं, बांगड्याचं हुमण, म्हणजे नारळाच्या रसातलं कालवण, करायला तेफळं (तिरफळं) लागतात, आणि ती जवळच्याच डोंगरावरची. पण खरी गंमत दुसऱ्या दिवसाची. कालचं हुमण ही गोष्ट ज्याने खाल्ली नाही त्याला समजावून सांगणं अवघड आहे. रात्री मासे खाऊन संपतात आणि कुंडल्याच्या तळाशी वाटीदीड वाटी रस उरतो. कुंडलं मातीचं, आमच्या डिचोलीच्या कुंभाराने केलेलं. सकाळी ते तसंच मंद विस्तवावर ठेवायचं. पाणी घालायचं नाही, ढवळायचंही फार नाही. हळूहळू रस आटतो, कडेला नारळ तांबूस होऊन चिकटतो, खोबऱ्याचं तेल वर सुटतं आणि तेफळाचा वास पार अंगणात येतो. चमच्यावरून सांडणार नाही इतकं दाट झालं की उतरवायचं. हे पेजेबरोबर खायचं. उकड्या तांदळाची गरम पेज, बोटाच्या टोकावर ते हुमण आणि एखादं तोर. आमच्या घरात आठ माणसांची न्याहारी त्या वाटीभर रसावर व्हायची. पूर्वी तो रस मी टाकून द्यायला निघाले की आई भांडं माझ्या हातातून काढून घ्यायच्या. आता मी माशाचे तुकडे कमी घालते आणि रस मुद्दाम जास्त करते, दुसऱ्या दिवसासाठी.

तोर म्हणजे चेपणीची कैरी. कोवळ्या कैऱ्या बरणीत जाड मिठाबरोबर थरावर थर लावायच्या, वर धुतलेला धोंडा ठेवायचा आणि विसरून जायचं. कैऱ्यांचंच पाणी सुटतं, त्यातच त्या वर्षभर टिकतात. मीठ मात्र गावठी, आगरवाड्याकडच्या मिठागरांवरचं, करडं आणि खडबडीत. तेल नाही, मसाला नाही, विस्तव नाही. लोणच्यांतलं सगळ्यात स्वस्त, आणि मला विचाराल तर सगळ्यात चांगलं.

पेजेला गॅस फार जातो. उकडा तांदूळ शिजायला पाऊण तास तरी हवा. त्यावर मी एक उपाय काढला. तांदूळ रात्री भिजत घालायचा, सकाळी भरपूर पाण्यात दहा-बारा मिनिटं खळखळून उकळायचा आणि झाकण घट्ट लावून पातेलं जुन्या टोपलीत ठेवायचं. टोपलीत खाली चिंध्या, चारी बाजूंनी चिंध्या आणि वरून गोधडी. दीड तासाने उघडलं की कणी मऊ झालेली असते आणि पेज अजून चटका बसेल इतकी गरम. आईंनी पहिल्या दिवशी शंकेने बघितलं, दुसऱ्या दिवशी टोपलीच्या मापाची गोल गादी स्वतः शिवून दिली. आंघोळीचं पाणी तर मागच्या चुलीवरच तापायचं. त्याला नारळाची सोडणं, करवंट्या, सुकी चुडतं. माडाचं काहीही फुकट जात नाही. हीर काढून खराटा, चांगली करवंटी निघाली तर घासून तिचा डवला, म्हणजे पळी. नारळाचा दुसरा रस काढून झाल्यावरचा चोथाही आम्ही मीठ-मिरची-चिंच लावून तव्यावर परततो, पेजेला चालतो.

पुढचा पाऊस आला तो २०१३चा. ट्रक अंगणाच्या कडेला नऊ महिने उभा होता. बॅटरी उतरलेली, टायर बसलेले. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या चाकांभोवती टाकळा उगवला. इथे त्याला तायखिळो म्हणतात. कोवळा, पोपटी, टायरांना टेकून दाट आलेला. मी खिडकीतून बघत राहिले, मला रडू येत होतं. आई सूप घेऊन बाहेर गेल्या, ट्रकाच्या मागच्या चाकाशी बसल्या आणि शेंडे खुडायला लागल्या. टाकळा कोवळा असतानाच खायचा, पानं जून झाली की कडसर होतात. मग त्यांनी माळ्यावरच्या मडक्यातून आठळ्या काढल्या, लाल माती लावून वाळवलेल्या. माती धुतली, साल काढली, आठळ्या ठेचून पालेभाजीत घातल्या, वरून खोबरं. यजमान जेवायला बसले. भाजी कुठली ते त्यांना कळलं होतं, कारण दारातून जाताना खुडलेले देठ दिसतात. त्यांनी दोनदा मागून घेतली. दुसऱ्या दिवसापासून ते एका ओळखीच्या माणसाच्या पिकअपवर ड्रायव्हर म्हणून जायला लागले. भाजीमुळे गेले असं मी म्हणणार नाही. पण त्या जेवणानंतर ते ट्रकाच्या पायरीवर जाऊन बसले नाहीत.

ट्रक त्या वर्षाच्या शेवटी विकला. एका फायनान्स कंपनीची माणसं दारात येऊन मोठ्याने बोलून जात होती, शेजारी खिडक्या लावून घ्यायचे, आमच्याचसाठी. मिळालेल्या पैशात कर्ज पुरतं फिटलं नाही, उरलेलं पाच वर्षं फेडलं. काटकसरीने हप्ते फिटतात असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. वही अजून माझ्याजवळ आहे. चुलीवर पाणी तापवून, तारले खाऊन, पेज टोपलीत घालून महिन्याला जे वाचलं ते हप्त्याच्या पाव भागाइतकंही नव्हतं. हप्ता यजमानांच्या पिकअपने, माझ्या दोन सोन्याच्या बांगड्यांनी आणि माझ्या भावाने भरला. वाचलेल्या पैशांनी मुलाची शाळेची फी आणि आईंचं रक्तदाबाचं औषध चुकलं नाही. माझ्या लेखी ते पुष्कळ होतं.

आणखी एक. ही सगळी कामं वेळ खातात आणि तो वेळ बहुतेक बाईचाच असतो. आमच्या घरात दोन बायका होत्या, अंगण होतं, चार माड होते, डोंगर चालत जाण्याइतका जवळ होता. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, आठ तास नोकरी करणाऱ्या बाईला आठळ्या मातीत घोळून ठेव म्हणून सांगायला माझी जीभ धजावत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रानभाज्यांच्या जुड्या घेऊन बसणाऱ्या बायकांशी भावाची घासाघीस करणं मी तेव्हापासून सोडलं. ती जुडी खुडायला किती वाकावं लागतं ते आता माझ्या कंबरेला ठाऊक आहे.

गोधडी मी त्या दुसऱ्या पावसाळ्यात शिकले. ट्रंकेतल्या घड्या आईंनी उघडल्या. त्यांच्या नऊवारी सुती साड्या, धुऊन धुऊन कापसासारख्या मऊ झालेल्या. माझ्या साड्याही मी मोठ्या उत्साहाने आणल्या, पण त्या सगळ्या सिंथेटिक. आईंनी एक उलगडून दोन बोटांत चोळली आणि बाजूला ठेवली. "ही घसरते. टाका धरत नाही, आणि अंगावर घाम जिरत नाही." माझ्या पंधरा साड्यांतून एक निघाली कामाची. ओसरीवर ताडपत्री पसरली, तिच्यावर साड्यांचे चार थर. सुरकुती राहता नये, हाताने कडेकडे सारायची. मग कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं, चौकोनात चौकोन. आईंचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, सगळे एका मापाचे. माझे सुरुवातीला वेडेवाकडे. उसवू का विचारलं तर म्हणाल्या, "रावूं दी गो बाय. तुझो हात म्हण कळूंक जाय." राहू दे, तुझा हात म्हणून कळायला हवं. बाहेर पाऊस, दुपारचे दोन तास आम्ही दोघी समोरासमोर बसून एकमेकींकडे शिवत यायचो. ओसरीवरच्या त्या महिन्याभरात त्यांच्याशी जितकं बोलले तितकं आधीच्या अकरा वर्षांत बोलले नव्हते. त्यांच्या एका मुलीबद्दल त्यांनी तेव्हा सांगितलं, जी दोन वर्षांची होऊन गेली. साडीच्या एका लाल किनारीवर त्यांचा हात थांबला होता, म्हणून मी विचारलं होतं.

२०१८च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या. मध्ये थोड्या सुरू झाल्या होत्या, आमच्या वाड्यातल्या काही जणांनी पुन्हा ट्रक रस्त्यावर काढले होते. या वेळी आमच्या ओसरीवर पाच-सहा जणी बसायला लागल्या. कुणाला सोलं हवी होती, कुणाला गोधडीचा टाका, कुणाला नुसतं बसायचं होतं. आईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आलेला, त्या बोटांनी चाचपून टाके तपासायच्या.

सोलांचं मात्र मी एकदा पुरतं वाटोळं केलं आहे. भिरंडं फोडून बिया-गर वेगळा करायचा, त्याला मीठ लावून रस काढायचा, सालं त्या रसात बुडवून उन्हात टाकायची. संध्याकाळी उचलायची, पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. पाच-सहा दिवस असंच, साल काळी, मऊ आणि चिकट होईपर्यंत. मधे पाण्याचा थेंब लागता कामा नये. पाचव्या दिवशी मी शिवणाचे पैसे आणायला बाजारात गेले आणि वळिवाची सर आली. आई एकट्याच घरी होत्या, त्यांना ताडपत्री ओढवली नाही. वरून दुसरं ऊन दिलं, पण आठ दिवसांत सगळ्यांवर पांढरी बुरशी धरली. दहा किलोंची भिरंडं उकिरड्यावर गेली. मी रडले, तेव्हा आई उकिरड्याच्या आधी काढून ठेवलेल्या बिया घेऊन आल्या. त्या सुकवल्या, फोडल्या, कांडल्या, पाण्यात उकळल्या. वर आलेली चरबी गोळा करून तिचा मुठीएवढा पिवळट गोळा केला. त्याला भिंडेल म्हणतात, आमच्या सावंतवाडीकडे मुठेल. थंडीत फुटलेल्या टाचांना तेच लावायचं. त्या वर्षी घरात सोलं नव्हती, पण कुणाच्या टाचा फुटल्या नाहीत.

आता यजमान एका बसवर ड्रायव्हर आहेत, मुलगा कामाला लागला आहे. इसवण महिन्यातून एकदा येते. आईंचं ऑपरेशन झालं, एका डोळ्याने चांगलं दिसतं. मुलाने मागच्या आठवड्यात विचारलं, "आई, सोलं विकत मिळतात ना, एवढ्या उन्हात कशाला?" मी त्याला उत्तर दिलं नाही. भिरंडांची पाटी उचलून त्याच्या हातात दिली आणि ताडपत्रीचं दुसरं टोक धरायला सांगितलं. कितीही घासली तरी तिच्या शिवणींत अजून खाणीची तांबडी माती आहे, पहिलं पाणी ओतलं की अंगणभर ओघळते. ते पाणी स्वच्छ येईपर्यंत तो ओतत राहिला. मग आम्ही सालं उताणी मांडायला घेतली, आणि आजीने ओसरीवरून त्याला सांगितलं, की दोन सालांमध्ये बोटभर जागा सोड.